पाचोळ्यातला पतंग

माझ्या बाहीवर एक पतंग बसला होता आणि मी त्याला निरखत होते. तांदळाच्या दाण्याएवढा जीव, वाळल्या गवताच्या रंगाचा. पंखांच्या कडेला झालर… इतकी तलम की ती शिवायची झाली तर अख्खा दोरा चालणार नाही, त्याचा एकच पदर सोडवून घ्यावा लागेल, असा हिशेब मनाशी चालला होता. बस यायची होती, पाऊस भुरभुरत होता, आणि इतक्या जवळून, इतका शहाण्यासारखा बसलेला पतंग मला कधी मिळाला नव्हता.

तेवढ्यात शेजारून दोन बोटं आली. चिमूट मिटली, उघडली. पतंगाच्या जागी थोडी सोनेरी पूड उरली.

“कसर होती,” शेजारचा माणूस रुमालाने बोटं पुसत म्हणाला. “कोट लोकरीचा आहे ना तुमचा? वाचला.”

“मी बघत होते तिच्याकडे!”

“मीही.”

“मी बघायला बघत होते. तुम्ही मारायला!”

त्याने यावर खरोखर विचार केला. कपाळाला आठी वगैरे घालून. “हो,” मग म्हणाला, “फरक आहे.”

एवढंच. ना माफी, ना हसणं. बस आली तेव्हा मी मुद्दाम त्याच्यापासून लांबची जागा पकडली. माझ्याजवळ प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, माझ्याच उंचीची एक वळकटी होती. तिला मांडीवर आडवी घेऊन बसले, तर ती समोरच्या दोघांच्या गुडघ्यांना लागली आणि त्यांनीही माझ्याकडे रागाने पाहिलं. दिवस तसाच होता.

तो माझ्याच थांब्यावर उतरला. माझ्याच रस्त्याने पुढे चालू लागला. आणि संग्रहालयाच्या मागच्या दारापाशी, जिथे मला ती वळकटी द्यायची होती, तिथे जाऊन खिशातून किल्ली काढू लागला. देवा, हा नको, मी मनात म्हटलं. देवाने नेहमीप्रमाणे दुसऱ्या कुणाचं तरी ऐकलं.

संग्रहालयातली जुनी कापडं जपायचं काम त्याचं होतं. गालिचे, शाली, झगे, पडदे—जे जे धाग्याचं, ते ते त्याच्या ताब्यात. आणि धाग्याचा पहिला वैरी म्हणजे कसर. तिची पिल्लं लोकर खातात; वर्षानुवर्षं टिकलेलं कापड एका हंगामात चाळणी करून टाकतात. त्यामुळे त्याच्या विभागात कुणी लोकरीचं काही घालून शिरायचं नाही, असा नियम होता. दाराबाहेर भिंतीला खुंट्या होत्या. स्वेटर, कोट, मफलर, सगळं तिथे टांगायचं. दारावरचे काका मला हळूच म्हणाले, “ताई, टोपीसुद्धा. आमचे साहेब संचालकबाईंनासुद्धा सोडत नाहीत.”

आणि आत थंडी! कापडांना मानवते म्हणून ठेवलेली. मी पहिल्याच दिवशी त्याचं नाव थंडोबा ठेवलं.

माझ्या वळकटीत काय होतं, ते सांगायला हवं. त्या वर्षी संग्रहालयाने एक प्रदर्शन भरवायचं ठरवलं होतं—झाडं, पक्षी, किडे यांच्यावरून आजच्या लोकांनी केलेली कापडावरची कामं. माझं काम निवडलं होतं. त्याचं नाव ‘पाचोळा’. जाड लोकरीच्या कापडावर लोकरीच्याच धाग्यांनी भरलेली जंगलाची जमीन: कुजकी पानं, सुकी पानं, शेवाळ, नेच्याची पानं, अळंब्या, एक गोम, दोन गोगलगाई, भुंगेरे. आणि मधोमध पानांवर बसलेला रातवा. हा पक्षी दिवसभर पाचोळ्यात पाचोळा होऊन बसतो. समोर उभं राहून बराच वेळ पाहिलं, की एकदम त्याचा डोळा दिसतो आणि मग अख्खा पक्षी. मावशीला तो आठवडाभर दिसला नव्हता.

“दोन वर्षं डोळे फोडलेस,” ती म्हणाली होती, “आणि शिवलंस काय? तर कचरा!”

मी मावशीकडेच राहते. दिवसा एका दुकानात पडदे शिवते. सरळ शिलाई, सरळ कड, परत सरळ शिलाई. संध्याकाळी स्वयंपाकघराच्या टेबलावर पाचोळा. मावशी मला किडूबाई म्हणते आणि जेवताना टेबलावरच्या भुंगेऱ्यांवर ताट ठेवायला नको म्हणून स्वतः मांडीवर ताट घेऊन जेवते. मी तिला सांगून ठेवलं होतं: प्रदर्शन संपल्यावर समिती बसते, आणि एखादं काम कायमचं आपल्या संग्रहात घेते. माझं घेतलं, तर मी पडदे सोडणार. नाही घेतलं, तर जन्मभर सरळ शिलाई. मावशी म्हणाली, “घेतील गं. कचरा असला तरी मनापासून केलेला आहे.”

तर त्या पहिल्या दिवशी थंडोबाने माझी वळकटी हातमोजे घालून टेबलावर ठेवली आणि म्हणाला, “दोन आठवडे फ्रीझरमध्ये.”

“काय?”

“उणे तीसवर. अंडी असतील तर मरतात.”

“माझ्या कापडात अंडी नाहीत!”

“तुमच्या कोटावर पतंग होता.”

माझा दोन वर्षांचा रातवा मटारासारखा पिशवीत बंद होऊन एका पांढऱ्या पेटीत गेला. घरी येऊन मी मावशीला म्हटलं, असला माणूस मी जन्मात पाहिला नाही. मावशी म्हणाली, “बराय का दिसायला?” मी म्हटलं, मावशी, तो पतंग चिमटीत मारतो. ती म्हणाली, “ते नाही विचारलं मी.”

बराच होता. पण ते मी तिला सांगितलं नाही.

दोन आठवड्यांनी कापड पेटीतून निघालं, आणि ते चौकटीवर चढवायचं काम आमच्या दोघांवर आलं. माझं कापड, म्हणून मी. त्याचं खातं, म्हणून तो. मी दुकानातून सुटले की तिथे जायची, कोट खुंटीला टांगायची आणि कुडकुडत आत शिरायची. लांब टेबलाच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला तो, मध्ये पाचोळा. कडेकडेने टाका घालत एकमेकांकडे यायचं. ओढ दोन्हीकडून सारखी हवी, नाहीतर कापड एकीकडे झोल खातं.

तो फार हळू शिवायचा. आणि दर थोड्या वेळाने थांबायचा.

“आता काय झालं?”

“तुमचा टाका जास्त घट्ट आहे.”

“तुमचा सैल आहे.”

“माझा काढता येतो,” तो म्हणाला. “आम्ही असाच टाका घालतो. पन्नास वर्षांनी कुणाला उसवावासा वाटला, तर कापडाला इजा होऊ नये म्हणून.”

“आणि कुणाला उसवायचाच नसेल तर?”

त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच नीट. मग परत खाली बघून शिवायला लागला, आणि मला वाटतं, त्यानंतरचे त्याचे टाके जरा घट्ट पडले.

चहा बाहेर, पायऱ्यांवर. आत पाण्याचा थेंबही चालत नसे. काका तीन कप आणायचे आणि आपला कप घेऊन मुद्दाम लांब जाऊन बसायचे. मला तो हळूहळू कळत गेला. फुलपाखरांचं त्याला काही सोयरसुतक नव्हतं, पण कुठलंही कापड हातात आलं की तो ते आधी उलटं करायचा. “पुढची बाजू लोकांसाठी असते,” म्हणायचा. “मागे कळतं, माणूस कसा होता ते.”

“माझी मागची बाजू पाहिलीत?”

हे तोंडातून गेल्यावर मला त्याचा दुसरा अर्थ कळला आणि चहा नाकात गेला. त्याने शांतपणे रुमाल पुढे केला. कान मात्र लाल.

“कापडाची पाहिली,” तो म्हणाला. “एकही गाठ नाही. सगळे दोरे आत घेतलेत. आणि जिथे चुकलात, तिथे उसवलंय, झाकलं नाहीये.”

माझं काम पाहून लोक छान म्हणाले होते, नाजूक म्हणाले होते, ‘वेळ कसा मिळतो हो तुम्हाला’ म्हणाले होते. मी उसवते, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्या दिवशी मी बसने न जाता चालत घरी गेले.

एकदा तो पाचोळ्यावर वाकून बराच वेळ काहीतरी शोधत होता.

“काय हरवलं?”

“सगळे आहेत. गोम, गोगलगाय, भुंगेरे. माझं गिऱ्हाईक एकही नाही.”

“कसर? ती जंगलात कुठून येणार? ती तुमच्यासारख्यांच्या कपाटात राहते.”

“पक्ष्यांच्या जुन्या घरट्यात असते. पिसं खाते. जंगलातलीच आहे ती. आपण नंतर आलो.”

हे मला ठाऊक नव्हतं. मी सुई खाली ठेवली. “मग एक शिवायला हवी.”

“नको!”

“शिवणारच. काच बसायच्या आधी. पानांच्या आड कुठेतरी… फक्त तुमच्यासाठी. कुठे ते सांगणार नाही. शोधा.”

“मला सापडेल,” तो म्हणाला. “मला नेहमी सापडते.”

“बघू या.”

“बघू या,” तो म्हणाला आणि हसला. थंडोबा हसला! दाराबाहेरून काकांनी डोकावून पाहिलं, काही पडलं का म्हणून.

चौकटीचं काम संपायची संध्याकाळ आली. दुसऱ्या दिवशी सकाळी काच बसायची होती. बाहेर सरींवर सरी, आणि आत ती थंडी. माझी बोटं इतकी गारठली होती की सुईत दोरा जाईना. मी तीनदा प्रयत्न केला. तो टेबलापलीकडून बघत होता. मग उठला, बाहेर गेला, आणि आला तेव्हा त्याच्या हातात माझा कोट होता.

“अहो, नियम—”

“माहीत आहे.”

त्याने कोट माझ्या खांद्यांवर टाकला. कॉलर नीट केली. हात तिथेच राहिला… जरासा, कॉलर नीट करायला लागतो त्यापेक्षा जरासा जास्त. मी मागे वळले नाही. वळले असते तर काय झालं असतं ते मला माहीत होतं आणि म्हणूनच वळले नाही. शेवटचे टाके आम्ही घातले, आणि त्याची माझी सुई एकाच कोपऱ्यात येऊन थांबली.

दुसऱ्या दिवशी मला सणकून ताप आला. सकाळी लवकर जाऊन तो पतंग शिवायचा बेत होता. दोऱ्याचा पदरसुद्धा सोडवून ठेवला होता. पण डोकं उचलवेना. मावशीने कपाळावर ओली पट्टी ठेवली आणि ‘जा आणखी त्या बर्फात’ म्हणत फोन उशीखाली सरकवला. दुपारी तो वाजला. थंडोबाचा निरोप, एकाच शब्दाचा.

‘सापडला.’

मी दोनदा वाचला. मी शिवलाच नव्हता, मग सापडेल कसा? आणि मग मला हसू आलं. लबाड! सापडल्याचं खोटंच सांगतोय, म्हणजे मी ‘कुठे’ म्हणून विचारीन, आणि बोलणं वाढेल. या माणसाला इतकं छान खोटं बोलता येतं, हे मला कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं. मी तापातच लिहिलं: ‘कुठे?’

‘सांगणार नाही. तुम्हाला माहीत आहे.’

‘कसा वाटला?’

मी फोन हातातच धरून ठेवला. मग: ‘कुणाला सांगावंसं वाटलं नाही, असा.’

मी फोन छातीवर ठेवून झोपले. मावशीला वाटलं ताप वाढला.

प्रदर्शन सुरू झालं. लोक पाचोळ्यासमोर थांबत, काहीच न दिसून पुढे जात, आणि एखादा मागे फिरून येई आणि ‘अरे!’ म्हणे. तो ‘अरे’ ऐकायला मी कोपऱ्यात उभी राहायची. थंडोबा माझ्या शेजारी उभा राहायचा. मावशी आली, तिने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मला सगळ्यांदेखत म्हणाली, “हेच का ते पतंग मारणारे?” तो म्हणाला, “हो, तोच.” मग दोघांनी मिळून माझ्या तब्येतीबद्दल तक्रारी केल्या. पुढचे दोन महिने आम्ही चहा प्यायलो, नदीकाठाने चाललो, एकदा एकाच छत्रीतून पाऊण गाव फिरलो. बोललो सगळ्यावर, मनातल्या त्या एका गोष्टीखेरीज. त्याचं ते पतंगाचं खोटंही मी उघडं पाडलं नाही. त्याचं सगळंच हळू. मी म्हटलं, असू दे. आपल्यालाही कुठे घाई आहे.

समिती बसायच्या आदल्या आठवड्यात त्याचा फोन आला. आवाज ओळखू येईना.

“तुम्ही या. लगेच.”

प्रदर्शनाच्या दालनात तो काचेसमोर उभा होता. मी पाहिलं, आणि आधी मला काही दिसलंच नाही. मग चौकटीच्या तळाशी वाळूसारखी बारीक भुकटी दिसली. मग नेच्याच्या पानांतून खालचं कापड दिसलं. आणि मग रातवा. त्याचा डावा पंख नव्हता. जिथे मी पूर्ण पावसाळा घालवला होता, तिथे टक्कल पडलं होतं, आणि त्याच्या कडेला एक मळकट पांढरी अळी आरामात जेवत होती.

मी रडले. सरळ सगळ्यांसमोर, नाक ओढत. तो माझ्या शेजारी नुसता उभा राहिला. चेहरा चुन्यासारखा पांढरा. “आतूनच आली आहे,” एवढंच म्हणाला. “काच बंद होती.”

समितीच्या बैठकीला आम्हा दोघांनाही बोलावलं. लांब टेबल, संचालकबाई मधोमध, एका बाजूला जाड भिंगांचे एक प्राध्यापक, दुसऱ्या बाजूला सारखे घड्याळ बघणारे एक गृहस्थ. प्राध्यापकांनी सुरुवातच केली. “बाहेरची लोकर घेतली की हे व्हायचंच. कसर यांच्याच कामातून आली असणार. उद्या हे बाकीच्या संग्रहालयांनाही कळवावं लागेल.”

हे कळवलं की संपलं. कीड घेऊन येणारीचं काम पुन्हा कोण दारात घेणार? पडदे तर पडदे, माझा पाचोळाही कायमचा स्वयंपाकघरात.

“काम आलं तेव्हा स्वच्छ होतं,” थंडोबा म्हणाला. “मी ते गोठवलं होतं.”

“मग कसर आली कुठून?”

“कोटातून.”

“कुणाच्या?”

“यांच्या.”

“म्हणजे मी म्हटलं तेच!”

“कोट मी आत आणला,” तो म्हणाला.

संचालकबाईंनी चष्मा काढला. “तुम्ही? लोकरीचा कोट? आत?”

“यांना थंडी वाजत होती.”

त्याच बाईंना त्याने ऐन हिवाळ्यात शाल बाहेर ठेवायला लावली होती, असं काका मागे म्हणाले होते. मी मान खाली घातली.

“अजून आहे,” तो म्हणाला. “दुसऱ्या दिवशी, काच बसवायच्या आधी, मी पतंग पाहिला होता. नेच्याच्या पानाखाली. आणि तसाच राहू दिला.”

“राहू दिला? का?”

“मला वाटलं, तो शिवलेला आहे.”

उशीखालचा तो फोन मला आठवला. ‘सापडला.’ तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच सापडला होता… आणि मी तापात हसत ‘कुठे’ म्हणून विचारत होते. एकदा जरी ‘मी शिवला नाही’ असं लिहिलं असतं!

तेवढ्यात प्राध्यापक खुर्चीत पुढे सरकले. त्यांचा चेहराच बदलला होता. “थांबा, थांबा. म्हणजे या बाईंचं काम इतकं हुबेहूब, की तुमच्यासारखा माणूस फसला? खरं कोणतं आणि शिवलेलं कोणतं कळेना? वा! मग हे भोकांसकट घ्यायला हवं! अशी गोष्ट दुसऱ्या कुठल्या कापडाची आहे?”

घड्याळवाले गृहस्थसुद्धा मान डोलवू लागले. संचालकबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. “असंच झालं ना?”

हो म्हण, मी मनात म्हटलं. एवढंच म्हण. हो.

“नाही,” तो म्हणाला.

“नाही?”

“यांचं काम त्याहून चांगलं आहे. तो साधा पतंग होता, झालर विस्कटलेली. यांनी ती तशी सोडली नसती. दुसऱ्या कुठल्याही कापडावर मी तो लांबून ओळखला असता.”

“मग याच कापडावर का नाही ओळखलात?”

त्याचे कान लाल, मग मान लाल. मी कधी कुणाला इतक्या सावकाश लाल होताना पाहिलं नाही.

“यांनी एक माझ्यासाठी शिवीन म्हटलं होतं,” तो शेवटी म्हणाला. “मी तो शोधत होतो.”

“मी तो शिवलाच नव्हता,” मी म्हटलं. माझा आवाज मलाच लहान वाटला. “ताप आला होता मला.”

संचालकबाईंनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग परत त्याच्याकडे. गृहस्थांनी घड्याळ बघायचं सोडलं. “बरं,” बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज एकदम घरगुती झाला, “तुम्ही दोघं जरा बाहेर जा.”

निर्णय काकांकडून नाही, खुद्द बाईंकडून कळला. त्या बाहेर येऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या. कसर लागलेलं काम संग्रहात घेता येत नाही. कुठे काही कळवायचं नाही, दोष संग्रहालयाचा. त्याला ताकीद. आणि पुढचं जे काही कराल ते आधी आम्हाला दाखवा. माझ्या हातावर हात ठेवून त्या आत गेल्या.

मी पायऱ्यांवर येऊन बसले. बारीक पाऊस होता. तो माझ्या मागोमाग आला आणि एक पायरी खाली बसला.

“रागावलात?”

“हो. खूप.”

“बरोबर आहे.”

“तुम्ही ‘हो’ म्हणाला असतात तर घेतलं असतं त्यांनी!”

“घेतलं असतं.”

“माझे पडदे सुटले असते!”

“हो.”

“मग?”

तो आपल्या हातांकडे बघत राहिला. “मग तुमचं काम त्या विस्कटलेल्या पतंगाएवढं ठरलं असतं. ते मला सहन झालं नसतं. आणि…”

“आणि काय?”

“आणि मी तो का सोडला, हे कुणाला कळलंच नसतं. तुम्हालाही.” तो थांबला. मला वाटलं संपलं. पण त्याचं सगळंच हळू. “माझ्यासाठी कुणी कधी काही शिवलेलं नाही. बटणंसुद्धा मीच लावतो. तो पतंग पाहिला तेव्हा… मी हात पुढे केला होता. सवयीने. आणि मग मागे घेतला. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, असू दे. हा माझा आहे.”

मी त्याच्या शर्टाकडे पाहिलं. काळं बटण, पांढऱ्या दोऱ्याने लावलेलं, आणि तेही सैल. उसवायचं तर कापडाला इजा होऊ नये असं. इतका वेळ धरून ठेवलेलं रडू आलं आणि त्याच्यातूनच हसूही आलं. रातव्याचा पंख गेला होता. उद्या सकाळी मला दुकानात जाऊन सरळ शिलाई मारायची होती. आणि तरी या माणसाने आज त्या खोलीत ‘नाही’ म्हटलं नसतं, तर मी त्याच्यावर इतकं प्रेम केलं नसतं, हेही मला तिथेच, त्या ओल्या पायरीवर कळलं.

“मला तुम्ही आवडता,” मी म्हटलं. “राग वेगळा. तो राहील काही दिवस.”

“राहू दे,” तो म्हणाला. लाल होत होत. “मलाही. म्हणजे… राग नाही. ते दुसरं.”

मी एक पायरी खाली सरकले. आता खांदे लागत होते. पाऊस आमच्याकडे न बघता पडत राहिला.

“नवीन काम,” त्याने विचारलं, “करायला किती लागेल?”

“दोन वर्षं.”

“आणि दोघांनी केलं तर?”

“दोघांनी केलं तर तीन,” मी म्हटलं. “तुम्ही प्रत्येक टाक्याला थांबवणार मला.”

त्याने विचार केला. कपाळाला आठी घालून, खरोखरचा.

“तीन चालतील,” तो म्हणाला.

मला चारही चालली असती. पण एवढ्यात सगळंच कशाला सांगायचं त्याला?